उघाडी

बत्तीस अंशांना उघडायचं, एवढंच तिला शिकवलं होतं.
मे महिन्यात मिरजोळ्याला दुपारची वीज गेली,
एसी थांबला,
आणि टेबलावरच्या कुपीतलं नितळ पाणी
बघता बघता
नारळाच्या दुसऱ्या रसासारखं पांढुरकं झालं.

म्हणजे जेलच्या कणाकणाने अंग चोरलं,
पोटातलं औषध पिळून टाकलं,
कुणालाच ताप नसताना.

धाकूमामा, तुम्ही हसाल.
तुमची हयात गावखडीच्या खाजणात गेली,
बांधावरच्या उघाडीपाशी.
भरतीला ती फळी आपसूक मिटायची,
ओहोटीला शेतातलं पाणी सोडायची.
दोर नाही, माणूस नाही.
रेटा कुठल्या अंगाने येतोय,
तेवढं लाकडाला कळायचं.

माझी उघाडी केसाच्या जाडीत आठशे मावतील एवढी.
तिला उकाडा आणि दुखणं यांतला फरक कळत नाही.

आता विणीत दुसरं रसायन मिसळते आहे, चिमूटभर.
एकोणचाळीसपर्यंत गप्प राहायचं, बाई.
हवेला भुलायचं नाही.
चिघळलेली जखम भेटेल, तिथेच.

काल फोनवर सगळं ऐकून घेतलंत
आणि म्हणालात,
"फटीत काय अडाकलां तर?
आमच्या फळीत एकदा नुसती करवंटी अडाकली,
तीन वर्सां भात झाला नाय."

वहीत तारीख घातली.
खाली लिहिलं: करवंटी.
पुढचं पान अजून कोरं आहे,
पंखा त्याला सारखा उलटतोय.