कलम

वरुडाच्या रस्त्यावर रोपवाटिका हाये,
तठी पंचफुला आन मी डोये बांधतो, शेकड्याच्या भावानं.
जंभेरीचा खुंट रानटी, काटेरी.
त्याच्या सालीले चाकूनं चीर मारायची,
संत्र्याचा डोया आत सारायचा,
वरून पट्टी गुंडायची. ओल जाऊ द्यायची नाई.
तीन आठवडे कोनी काई इचारत नाई.
मंग डोया फुटला की मालक म्हनते, कलम लागलं.

त्याच मालकाच्या मोबाईलवर आयकलं होतं,
कोर्टानं एक जुनं कलम काढून टाकलं,
आता आमी गुन्हेगार नाई.
पंचफुला म्हने, "होतो कवा व?"
मंग पाच वर्सानं आयकलं,
लगन लावनं कोर्टाचं काम नोय, सरकारनं पाहावं.
सरकार म्हंजे आमाले तलाठी माहीत.
तो मंगयवारी येते.

अमरावतीले तिच्या पोटाचं आपरेशन होतं.
नर्सबाईनं कागद पुढं केला: नातं काय?
मी म्हनलं, चौदा वर्सं एका चुलीवर जेवतो.
तिनं कागद वापस घेतला.
धुऱ्याच्या भांडनापासून उंबऱ्यात न आलेला भाऊ
मोटरसायकलवर आला, सही केली,
चा पेला, गेला.
मी रातभर बाकड्यावर,
तिची चप्पल मांडीवर.

देवयातबी गेलो होतो एकदा,
जोडीनं पूजेले बसू द्या म्हनून.
केशोबुवा चष्मा पुसत रायले, लय वेय.
"पोथीत नाई, पोरी हो."
आमी पन्नाशीच्या.
पोरी म्हनलं, तेवढंच घेऊन वापस आलो.

कार्तिकात तुयशीचं लगन.
झाडाचं दगडासंगं लागते, ऊसाचा मांडव,
सारं गाव जेवते,
कोनी म्हनत नाई हे कसं काय.
यंदा अंतरपाट धराले कोनी नव्हतं,
पोट्टे सारे मॅचले गेलते.
बुवानं एक टोक माह्या हाती देलं,
दुसरं तिच्या.
मान वर नाई केली त्यायनं.
मुद्दाम का उगाच, कोन जाने.

अंतरपाट तुयस आन देवाच्या मधी होता,
आमच्या मधी नव्हता.
मंगलाष्टकं संपेलोक मी तिच्याकडं पायत रायली.
टाका ओढत असन,
तिचा हात जरा खाली आला,
मीबी माह्या खाली घेतला.
कापड तिरपं होऊ देलं नाई.

सावधान झालं. तांदूय उडाले.
देवाले कमी, तिच्या केसात जास्त.
घरी येऊन एकेक येचला,
पुडी बांधली.

रेशनकार्डं दोन हायेत आमची, एका चुलीची.
कोन्या कार्डात ठेवाव, समजलं नाई.
पिठाच्या डब्यात ठेवली.