मानेवरचे केस

केर्किनी तळ्यावर जानेवारीत
पाणी शिशासारखं पडून असतं,
आणि माझे सासरे पास्खालिस,
एक्केचाळीस वर्षं गावात वस्तरा चालवलेले,
आता फोटोवाल्यांना नावेतून फिरवतात.
मासे ते फेकतात. पैसे मी मोजते.

खाऊन झालं की पेलिकन उथळाकडे सरकतात
आणि पंखांनी पाणी बडवत न्हातात,
आठवड्याचं धुणं आपटावं तसं.
मग खरं काम सुरू होतं.
फोटोवाले नेमके तेव्हाच कॅमेरे आवरतात:
आता काय, नुसते बसलेत.

सासरे नाव थांबवतात. वल्हं मांडीवर आडवं.
"बघ," म्हणतात, "घाई नाही त्याला."

शेपटीच्या बुडाशी तेलाची एक इवली डबी.
चोच तिथवर वळवायची,
टोकाच्या नखानं थेंबभर घ्यायचं
आणि एकेक पीस मुळापासून शेंड्यापर्यंत ओढायचं,
विस्कटलेले धागे पुन्हा एकमेकांत अडकेपर्यंत,
पाण्याला आत वाट राहणार नाही इतपत.
हातभर चोच, घमेलंभर मासे गिळणारी,
आणि काम सुईत दोरा ओवण्याचं.

पण डोकं?
स्वतःच्या चोचीला स्वतःचं डोकं कुठून सापडणार?
तो मान उलटी टाकतो पाठीवर,
झोपेत उशी शोधावी तशी,
टाळू त्या डबीवर घासतो
आणि तीच टाळू खांद्यांवर, पाठीवर लोळवतो.
डोक्याचंच फडकं.
उरलेलं पाय बघतो, खाजवून, डगमगत.
तरी मानेवरचे ते रुपेरी कुरळे
काही केल्या बसत नाहीत.

"ह्याला न्हावी भेटला नाही," सासरे म्हणतात.
हसत नाहीत.

त्यांचीही मान आता तशीच.
नवरदेव, सैन्यात निघालेली पोरं,
पेटीत ठेवण्याआधीची म्हाताऱ्यांची शेवटची दाढी,
सगळं त्यांच्या हातून गेलं.
त्यांची मान मात्र एवांथियाच्या हातात असायची,
एकाआड एक शनिवारी, मागच्या अंगणात,
खुर्ची उन्हाकडे करून.
ती गेल्याला दोन हिवाळे झाले.
तिची कात्री खणात आहे, फडक्यात गुंडाळलेली,
तेल घातलेली. कोण घालतं, आम्ही बोलत नाही.

मी एकदा विचारलं होतं.
"तुला येतं?" म्हणाले, आणि टोपी चढवली.

आज नाव बांधताना टोपी पाण्यात पडली.
एक शेंदरी झोळी, विणीच्या दिवसांत रंगलेली,
मासा समजून तिच्यावर झुकली,
टोपी उचलली, हलवून बघितली,
टाकून दिली.
सासरे टोपी पिळत उभे.
वाऱ्यात मानेवरचं कुरळं.

मी पैशांचा डबा मिटला.
"शनिवार आहे," म्हटलं.

बराच वेळ ते तळ्याकडेच बघत राहिले.
मग म्हणाले,
"फार नको काढूस.
मागे थोडे राहू देत."