हातचा

सूत्र नंतर, रोसामेल म्हणाले, आधी दोरा.
केकच्या खोक्याला बांधून येतो ना, तसला, लाल-पांढरा.
पृथ्वीगोलावरची धूळ त्यांनी बाहीने पुसली.
एक टोक सांतियागोवर, माझ्या अंगठ्याखाली,
दुसरं सिडनीवर, त्यांच्या.
"आता ताण."

भिंतीवरच्या नकाशात वाट आडवी जाते,
पॅसिफिकच्या निळ्यातून, पट्टीने आखल्यासारखी.
दोरा मात्र ताणला तसा खाली सरकला,
खाली, आणखी खाली,
बासष्टाव्या अक्षांशापर्यंत, जिथे जहाजंही जपून जातात.
"सरळ म्हणजे हे," म्हणाले. "नकाशा बिचारा सपाट.
त्याला काय कळतंय."

पुदाउएलवर तेव्हा पहाटेचं धुकं असायचं,
धावपट्टीचे दिवे नुसते पिवळे डाग.
थर्मासमधला चहा, पावावर कुस्करलेला अवोकाडो,
आणि वहीत साईन, कोसाईन, रेखांशातला फरक
एकशे अडतीस.
मी नवी होते, दशांश चुकवायचे.
उत्तर येतं कोनात: एकशे दोन अंश.
अंशाला साठ सागरी मैल,
सहा हजार एकशे वीस.
"पृथ्वी कंबरेत सुटलीय माझ्यासारखी,
थोडंफार इकडेतिकडे होणारच.
आणि वारा धरायचा वेगळा.
जाताना तो छातीवर असतो, येताना पाठीशी.
अंतर तेच गं, पण तास तेच नसतात."

तुम्ही कितीदा गेलात, मी विचारलं.
एकदाही नाही.
भाऊ आहे तिथे. ओक्तावियो.
चौऱ्याहत्तरला गेला, एका बॅगेत दोन सदरे
आणि आईची कॉफीची किटली घेऊन.
का गेला, ते त्या वर्षी कुणी कुणाला विचारत नव्हतं.
एवढं बोलून त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं,
बराच वेळ काढलं.

नंतर कधीतरी मला दिसलं,
गोलावर सिडनीच्या जागी रंगच उरलेला नाही.
ऑस्ट्रेलियाच्या काठाला अंगठ्याएवढं भोकसं पांढरं.
इतर शहरं शाबूत होती.

ऑगस्टात मालाच्या यादीत एक ओळ आली:
मृतदेह, एक. पेटीसकट एकशे अठरा किलो.
आडनाव काताल्दो.
मी यादी उलटी घालून ठेवली.
त्यांनी ती सुलटी केली, चष्मा लावून वाचली, म्हणाले,
"वजन बरोबर धरलंय.
किटली धरली नसेल."

आठ तारखेला दुपारी साडेबाराला विमान सिडनीहून निघतं,
आठ तारखेलाच सकाळी अकराला इथे उतरतं.
हे मी शंभर वेळा आराखड्यात लिहिलंय,
हात न थांबता.
त्या दिवशी कार्गोच्या दाराशी आम्ही दोघं,
धुकं नुकतं विरलेलं, आंदीजवर ऊन,
भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा.
"तारखेने बघशील तर," रोसामेल म्हणाले,
"तो अजून निघालेलाच नाही.
दीड तास आहे अजून."

ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं.
सहीसाठी कुणीतरी कागद पुढे केला.
त्यांनी खिशात पेन चाचपलं,
हाती लागला तो दोरा.
तो त्यांनी मला धरायला दिला,
आणि दोन्ही हात मोकळे करून पुढे गेले.

मी अजून रात्रपाळीला असते.
नव्या पोरांसाठी यंत्र पापणी लवायच्या आत आकडा देतं.
तरी मी वहीत एकदा मांडून बघते,
आणि दिवसाच्या रकान्यापाशी आले की
कानाशी त्यांचा आवाज येतो:
हातचा धरलास का?