चिठ्ठीची मागची बाजू

टार्टूच्या शाळेत एकोणीस वर्षं
किल्ल्या माझ्याकडे, बॉयलर माझ्याकडे.
यंदा नाताळच्या सुट्टीत निसर्गकोपराही गळ्यात पडला.
रेएतबाई जाताना भिंतीला चिठ्ठी डकवून गेल्या:
माइमू, हे उंदीर नव्हेत.
आणि दोन्ही एकच नव्हेत.

खालच्या पिंजऱ्यात पोन्चिक, हॅमस्टर.
याला एकटाच ठेवायचा. सोबत दिली
तर सकाळी एकच उरेल. (खाली दोन रेघा.)
शेपूट म्हणावी तर कोटाच्या बटणाएवढी.
दिवसा झोपतो, रात्री चाक पळवतो,
सूर्यफुलाच्या बिया गालांत कोंबतो, पार खांद्यापर्यंत,
जणू उद्यापासून दुकानं बंद.
माझी आई अशीच.
ती गेल्यावर अस्तरातून साखरेचे खडे निघाले.

वरच्या काचपेटीत तिक्स आणि ताक्स,
जर्बिल, सख्ख्या बहिणी.
यांना एकटं ठेवायचं नाही.
शेपूट लांब, टोकाशी झुपका,
पण शेपटीला धरायचं नाही, कातडी हातात येते.
पाणी पितात नावाला; पेटीला वासही नाही.
भुयार खणतात, ते ढासळतं, पुन्हा खणतात,
मध्येच दोन पायांवर उभ्या राहून माझ्याकडे बघतात,
मी थांब्यावर बसची वाट बघते तशा.

बाईंनी मूळ गावंही लिहिली आहेत:
त्याचं सीरियात, अलेप्पोच्या शेतांत,
यांचं मंगोलियाच्या माळावर.
थोडक्यात, टार्टूचं कुणीच नाही.
मीही वाल्गाची.

सत्तावीस तारखेला बॉयलर गेला.
बाहेर उणे एकवीस.
सकाळी वर्ग उघडला तर काचांना आतून बर्फ,
आणि वरून ठक ठक ठक ठक.
ताक्स मागच्या पायांनी तळ बडवत होती.
तिक्स तिला चिकटून, कागदाच्या चिंध्यांत.

खाली आवाज नाही.
पोन्चिकचं मुटकुळं, गार,
नदीकाठच्या गोट्यासारखं.
गालांत बिया तशाच.

बुटांचं खोकं शोधलं. त्यात रुमाल घातला.
पुरणार कुठे? जमीन लोखंड झालेली.
आणि त्या सीमला काय सांगू, दुसरीतल्या,
जो रोज शाळा सुटताना पिंजऱ्याला शुभरात्री म्हणतो
कारण याची सकाळ तेव्हा होते?
बाईंचा फोन नंबर हवा म्हणून चिठ्ठी ओढून काढली.
मागच्या बाजूला, पेन्सिलीने, घाईत:
गारठ्यात हॅमस्टर मेल्यासारखा झोपू शकतो.
मिशा बघा.

मिशा बघितल्या. चष्मा पुसला, परत बघितल्या.
एक हलली.
कदाचित माझाच श्वास असेल.
मग श्वास धरून बघितलं.
हलली.

स्वेटरच्या आत घेतला, वर हात,
जीव मुठीत धरून बसले, त्याचा.
पाऊण तास. इतका वेळ कुणाला छातीशी धरून
किती वर्षं झाली, मोजायला लागले, सोडून दिलं.
आधी एक पाय थरथरला, मग सगळा,
आणि डोळे उघडल्याबरोबर
कचकन अंगठ्याला चावला.
हेही पुढच्या बाजूला होतं: जर्बिल सहसा चावत नाहीत.

ताक्सचं ठोकणं चालूच.
अगं, आहे तो, म्हटलं. थांबली नाही.
तिची तक्रार बहुधा माझ्याबद्दलच असावी.

बॉयलरवाला तीन वाजता येणार होता, साडेपाचला आला.
तोवर स्टाफरूमच्या एकुलत्या हीटरपाशी
मी कोट घालून बसले, अंगठ्याला पट्टी,
एका बाजूला काचपेटी, दुसऱ्या बाजूला पिंजरा,
मध्ये दोन हात अंतर,
चिठ्ठीत होतं तसं.