पिळू नये

आतल्या पट्टीवर लिहिलंय:
थंड पाणी. हातानं धुवावं. पिळू नये.
रायमो तरीही तो मशीनमध्ये कोंबतोय,
दार लागेना म्हणून गुडघा देतोय.

पावणेबारा. बाहेर उणे एकोणीस.
मिनेसोटाच्या या टोकाला खाण बंद, बार बंद,
माझं लॉन्ड्रोमॅट तेवढं जागं.
"काय आहे ते?" मी विचारते.
"छाती," तो म्हणतो. "पोराची."

हिरवी झूल, छातीवर वीज,
दंडांत कोंबलेला स्पंज,
पोटावर पावाची लादी, सहाच्या सहा पाव फुगलेले.
माप: वय वर्षे पाच ते सहा.

आज वाइनोची प्रार्थनासभा होती.
पुरणं एप्रिलमध्ये. जमीन दगड झालीय.
नातू ओनी पहिल्या बाकावर, कोटाच्या आत हा पोशाख,
काढायला तयार नाही.
एकेक काका आला, स्पंजच्या खांद्यावर थाप मारून गेला:
शाब्बास. रडला नाहीस. वाघ आहेस.
वाघानं मग शू लागल्याचंही सांगितलं नाही.
तास दीड तास.
शेवटच्या गाण्याला बाकाखाली ओघळ आला
तेव्हा कळलं.

मी मशीन थांबवते.
"असं नाही. इकडे आण."
टेबलावर टॉवेल पसरते, त्यावर छाती, तिच्यावर दुसरा टॉवेल.
"पिळायचं नाही. तळहातानं दाबायचं. हळू."
त्याचे हात ड्रिलला सवयीचे.
पहिल्यांदा तो असा दाबतो
की एक पाव आत जातो, वर येतच नाही.

मग येतो. सावकाश.

"मी आठ वर्षांचा असताना," तो म्हणतो, माझ्याकडे न बघता,
"टॉवेल गळ्याला बांधून सॉनाच्या छपरावरून उडालो.
हे मनगट मोडलं.
बाबा धावत आला. आधी काय विचारलं असेल?"
मला माहीत आहे. तिघांना वाढवलंय मी या गावात.
"रडलास का?"
"हो. तेच.
आणि मी नाही म्हणालो. खरंच नव्हतो रडलो.
त्यानं मला ट्रकमध्ये पुढे बसवलं."

सुंभ जळतो म्हणतात, पीळ राहतो.
वाइनो शवागारात, थंड, एप्रिलची वाट बघत;
मनगट इथं, टॉवेलवर,
बर्फ पडायच्या आदल्या दिवशी अजून ठणकणारं.

कोरडी असते तेव्हा ही छाती हातात कळतसुद्धा नाही.
आत्ता उचलली तर मेलेल्या सशासारखी लोंबते.

"सुकायला किती?"
"तीन दिवस. ड्रायरमध्ये घातलीस तर वितळेल."
"त्याला सोमवारी शाळेत हवी."
"नाही मिळणार."
"मग काय घालून जाईल तो?"
"स्वेटर," मी म्हणते. "आत बरगड्या आहेतच."

तो हसत नाही.
पुन्हा तळहात ठेवतो विजेवर, मध्यभागी,
आता बरोबर जमतंय त्याला,
वजन टाकून, न पिळता.

"आणखी एक टॉवेल दे," म्हणतो.
"अजून येतंय पाणी."