घट

हुपरीत मी पैंजणांचे मणी जोडतो.
चांदी देताना शेठ वजन लिहितो,
घेतानाही. मधली घट माझ्या नावावर.

काल सीपीआरच्या काट्यावर इंद्रजित:
नऊ किलोला सातशे ग्रॅम कमी.
तीन दिवस नुसतं आंबूस पाणी.
सिस्टर म्हणाली, "रोटा असंल,"
आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली.
ती तशीच उभी राहिली.

रात्रभर वैजू चमच्यानं ओआरएस पाजते.
ओकला की दहा मिनिटं थांबते,
पुन्हा चमचा.
मी मोजतो. सवयच आहे.

पहाटे तिनं माझा हात ओढून
दुपट्यावर ठेवला.
ओलं. कोमट.
"मुतलंय पोरगं!"

हात पुसायचं सुचलंच नाही.
वाळा मात्र पायातून अजून निसटतोय.