दर्या, दऱ्या

चूक एवढीच आहे
की कुणी दऱ्या लिहिल्या तर माझं यंत्र दर्या करतं.
डोंगरात समुद्र घुसतो.
सात वर्षं झाली, घुसतोच आहे.

उदगीरला देगलूर रोडवर माझं टायपिंगचं दुकान.
दिवसा लग्नपत्रिका, सातबाऱ्याचे अर्ज, श्रद्धांजलीचे फ्लेक्स.
शटर अर्धं ओढलं की ‘पालट’ उघडतो:
जुन्या फॉन्टात अडकलेला मजकूर नव्यात आणणारा,
फुकट, खुला, पोटातली तार न् तार दिसणारा.
कुणीही यावं, बघावं, दुरुस्त करावं.

कुणीही म्हणजे कोण, हे हळूहळू कळालं.

पाथरीचा मुंजाजी पहिला आला.
एका रात्रीत जोडाक्षरांचा तक्ता लावून दिला.
“सर, ज्ञ तेवढा राहिलाय, सकाळी करतो.”
ती सकाळ दोन हजार एकोणीसची.
मागनं कळालं, तलाठी झाला. चांगलं झालं.
ज्ञ मी केला.

एका पेपरवाल्याचं पत्र आलं:
तुमचं सॉफ्टवेअर बोगस आहे,
आम्ही आचाऱ्यांचा सत्कार लिहिला, आचार्यांचा छापून आला,
ताबडतोब करा.
मी विचारलं, तुमच्याकडचं कुणी हात लावील का, मी दाखवतो.
त्यावर उत्तर नाही.
आचारी खूश असतील, असं धरून चाललो.

एकदा कुणीतरी एकशे एक रुपये पाठवले.
नाव नाही, गाव नाही.
आहेराच्या वहीत लिहावेत तसे लिहून ठेवलेत.

बाप पंचायत समितीत हापसे दुरुस्त करायचा.
सायकलच्या दांडीला पाने बांधलेले, खिशात वायसर.
म्हणायचा, “हापसा समद्याचा असतोय.
वायसर कुणाचंच नसतंय.”
पण त्याला पगार होता,
तीन महिन्यांनी का होईना.

“रात्रीचं काय करू लालाव, मालक?”
पानटपरीवाला विचारतो.
सांगतो, अर्धा र बसवू लालोय.
तो चुना लावता लावता थांबतो,
मग मला एक पान उधारीवर देतो.

आणि तहेनियत.
बिदरची. कधी पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही.
उर्दू शाळेतली पोरगी, मराठी माझ्याहून काटेकोर.
तिच्या प्रत्येक ओळीखाली कारण लिहिलेलं असायचं,
हे असं का, ते तसं का नाही.
एकदा तिनं सगळंच नव्यानं लिहून पाठवलं. चार हजार ओळी.
वैशाख होता, पत्रिकांचा सीझन,
“बघतो” म्हणालो.

बघतो या शब्दाला मुदत नसते.

आषाढात उघडलं, तर तिनं परत घेतलेलं.
खाली दोनच शब्द: राहू द्या.
मी तीनदा पत्र लिहिलं, एकदाही धाडलं नाही.
त्या चार हजार ओळींत
दऱ्या कदाचित बरोबर होत्या.

काल मुखेडहून एकजण आला.
अकरावीत आहे, नाव साईप्रसाद गुट्टे,
मोबाइलवरून केलंय म्हणतो, चुकलं तर सॉरी.
एकच ओळ.
लावून बघितली.
दऱ्या दऱ्याच राहिल्या!
खुर्चीतून उठलो, दुकानातल्या दुकानात एक चक्कर मारली.
मग खाली नजर गेली:
सूर्याचा सूऱ्य झालेला,
आणि कार्यालयाचं काऱ्यालय.

माझ्या हातानं दहा मिनिटांचं काम होतं.
करून टाकलं असतं तर जेवायला घरी गेलो असतो,
आणि तो पोरगा कुठंतरी तलाठी झाला असता.

त्याऐवजी दोन वाजेपर्यंत लिहीत बसलो.
पापणीसारखा अर्धा र कुठं येतो,
डोक्यावरचा रफार कुठं,
दोघं एकाच घरातले कसे, वेगळे कसे ओळखायचे.
तू लावलेली ओळ बरोबर आहे, जागा चुकली आहे.
घाई नाही, असं लिहिलं. खोडलं.
पुन्हा लिहिलं: घाई नाही, पण मी वाट बघतोय.

धाडलं.

उद्या सकाळी एका बारशाची पत्रिका द्यायची आहे.
पालटमध्ये सूर्य अजून नीट आहे,
दऱ्यांत अजून पाणी.